शतकवीराची वेल

समितीपुढं भरतेश मगदूम जरा जास्तच बोलले, आणि त्यांच्या बायकोचं यकृत गेलं.

म्हणजे जुनं केव्हाच कामातून गेलं होतं. आता गेलं ते नवं, अजून न मिळालेलं. विभागीय यकृत केंद्रात माणसाच्या पेशी साच्यावर लावून यकृतं वाढवायला सुरुवात होऊन काही वर्षं झाली होती, पण ती काही मेथीसारखी भसाभस उगवत नव्हती. वर्षाला मोजकीच निघत आणि मागणारे हजारो असत. म्हणून यादी, आणि यादीच्या डोक्यावर समिती. समितीला एवढंच बघायचं असे, की या माणसाला यकृत दिलं तर तो ते सांभाळेल का.

त्रिशला मगदूम चाकाच्या खुर्चीत बसली होती. पोटात पाणी भरलेलं, हातांच्या काड्या झालेल्या, पाय सुजलेले आणि डोळे पिवळे. वय एकसष्ट, दिसत होती ऐंशीची. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी तिला हेपॅटायटिस सी निघाला होता. तीन महिने गोळ्या घेतल्या की हा आजार बरा होतो. बहुतेक लोक बरे होतात आणि नंतर त्याची आठवणही काढत नाहीत. त्रिशला तर तीनदा बरी झाली होती. तिन्ही वेळा रक्त स्वच्छ आलं, घरात पेढे आले, आणि पुढच्या काही वर्षांतल्या कुठल्या तरी तपासणीत विषाणू पुन्हा हजर झाला. दर खेपेला यकृताचा आणखी थोडा भाग निबर होत गेला.

"गोळ्या रोजच्या रोज घेतल्या होत्या?" समितीच्या अध्यक्षबाईंनी विचारलं.

त्रिशला बोलायच्या आधी भरतेशच बोलले. "मॅडम, आमची बायको म्हणजे निश्चयाची पक्की. दुसऱ्या औषधाच्या वेळेलाच भाद्रपद आला. आमचं जैनांचं दशलक्षण पर्व असतंय, दहा दिवसांचं. हिनं दहाच्या दहा उपवास केले. एक वेळ उकळलेलं पाणी, बाकी तोंडात काही नाही. शेवटच्या दिवशी गावानं बग्गीतनं मिरवणूक काढली. आहात कुठं!"

"गोळीसुद्धा नाही?"

"गोळी घेतली तर उपवास मोडला की, मॅडम."

अध्यक्षबाईंनी शेजारच्या डॉक्टरांकडं बघितलं. त्या डॉक्टरांनी काहीतरी टाइप केलं. भरतेशच्या चेहऱ्यावर अजून अभिमान होता. त्रिशलानं तोंड उघडलं आणि मिटलं. औषधशिस्तीचा अभाव, असा शेरा पडला आणि यादीतून तिचं नाव कमी झालं. यादीतून बाद म्हणजे केंद्राच्या सगळ्याच उपचारांतून बाद.

गाडीत भरतेश समितीवर तोंडसुख घेत राहिले. धर्म म्हणजे काय ते यांना ठाऊक नाही, दहा दिवसांत काय आकाश कोसळत होतं, वगैरे. त्रिशला खिडकीबाहेर बघत होती. खरं काय ते फक्त तिला ठाऊक होतं. त्या दहाही दिवशी ती पहाटे न्हाणीघरात जायची, कडी लावायची आणि नळाच्या पाण्याबरोबर गोळी गिळायची. पर्वाच्या आधीच गावात नाव जाहीर झालं होतं, नणंदांनी साड्या आणल्या होत्या, माघार घ्यायची सोय नव्हती. आणि मरायचीही तिची तयारी नव्हती. तेव्हा तिनं देवाला फसवलं आणि बग्गीत बसली. आता जीव वाचवायचा तर हे चारचौघांत, नवऱ्यासमोर सांगावं लागणार होतं. अध्यक्षबाईंच्या समोर तिची जीभ टाळ्याला चिकटली ती त्यामुळं.

भरतेश मगदूम हे इचलकरंजीतलं नावाजलेलं माणूस. सुताला खळ लावायच्या सायझिंगच्या कारखान्यात जन्म काढलेला, पण ओळख त्याची नव्हे. ते रक्तदानाचे शतकवीर होते. अठराव्या वर्षी पहिली बाटली दिली आणि मग दर तीन महिन्यांनी, न चुकता. शंभरावं दान झालं तेव्हा चौकात कमान लागली होती. शिबिरं भरवायची तर भरतेशदादांनीच, तीनशे-चारशे पिशव्या एका दिवसात. सुरुवातीच्या वर्षांत शिबिरं कमी असत. कुणाचा फोन आला की सायकल काढायची, दवाखान्यात जायचं आणि समोरच्या खाटेवरच्या माणसाला रक्त द्यायचं. ती माणसं त्यांना एकूणएक पाठ होती. चौगुल्यांची दीपाली, टेम्पोखाली सापडलेली. कुंभोजचे पाटील मास्तर. हुपरीची सोनाराची सून. जेवायला पाहुणे आले की आमटीबरोबर ही यादी वाढली जायची.

आणि त्रिशलाचा आजार निघाला तेव्हा सासूनं तिचं ताट-वाटी वेगळी काढली, पण भरतेशनी तिला अंतर दिलं नाही. हेही ते पाहुण्यांना सांगायचे. "दुसरा असता तर माहेरी धाडली असती." त्रिशला पोळी वाढता वाढता ऐकायची. इतकी वर्षं उपकार ऐकून ऐकून माणूस आतून बधिर होतं, तशी ती झाली होती.

*

दोन दिवसांनी ती एकटीच रिक्षा करून डॉक्टर शिरीन मुजावरांकडं गेली. डॉक्टरीण चाळिशीची, बोलायला मऊ, पण कामात कडक. गेली सहा वर्षं त्रिशलाची तपासणी त्याच करत होत्या.

"एकसुद्धा गोळी चुकली नाही, डॉक्टर," त्रिशला म्हणाली, आणि न्हाणीघराची सगळी गोष्ट सांगितली. चोरी कबूल करावी तसं तिला वाटत होतं.

डॉक्टर मुजावर म्हणाल्या, "काकू, माझा विश्वास आहे. पण समितीला माझा विश्वास नको, पुरावा हवा. तो एका ठिकाणी मिळेल. केंद्रात यंदा वंशवेल यंत्र आलंय. तुमच्या दर वेळच्या विषाणूचे नमुने जपून ठेवलेले आहेत."

मग त्यांनी ते समजावून सांगितलं. हा विषाणू स्वतःच्या प्रती काढतो आणि प्रती काढताना चुका करतो. एकदा झालेली चूक त्याच्या पुढच्या सगळ्या पिढ्यांत उतरते, आणि चुका साधारण एकाच गतीनं साठत जातात. म्हणून चुका मोजल्या की वय कळतं, आणि कुणाच्या चुका कुणाशी जुळतात ते बघितलं की नातं कळतं. एवढं जुन्या प्रयोगशाळांनाही जमत होतं. नवं यंत्र त्यापुढचं वाचत होतं. प्रत्येक माणसाच्या शरीराची विषाणूशी लढायची तऱ्हा वेगळी असते, आणि त्या माऱ्यातून निसटायला विषाणू ठरावीक ठिकाणी रूप बदलतो. त्यामुळं तो ज्या शरीरात वर्षानुवर्षं राहिला त्या शरीराचा ठसा त्याच्यावर उमटलेला असतो. राज्यात उपचार घेतलेल्या प्रत्येकाचा विषाणू आता या एकाच वेलीवर मांडला जात होता. नावं नव्हती, नुसते क्रमांक होते.

"म्हणजे मी गोळ्या चुकवल्या असतील तर?"

"तर तुमच्याच शरीरात दडून बसलेला जुना विषाणू उलटला, आणि त्याच्यावर ठसा तुमचा असणार."

"आणि नसल्या चुकवल्या तर?"

"बघू या," डॉक्टर म्हणाल्या.

*

निकालाच्या दिवशी गाडी चालवायला म्हणून भरतेशही आले. डॉक्टर मुजावरांनी यंत्राचा पडदा त्यांच्याकडं वळवला. त्यावर खरोखरच वेलीसारखं काहीतरी होतं, बारीक फांद्या आणि टोकांना ठिपके.

"काकू, तुम्ही खरं बोलत होता, उपवासातही तुम्ही रोज गोळी घेतलीत. हा विषाणू तुमच्या शरीरात वाढलेला नाही. पहिल्या औषधानं तुम्ही पूर्ण बऱ्या झाला होता. दुसऱ्यानं आणि तिसऱ्यानंही. दर वेळी तो बाहेरून नव्यानं आलाय. आणि दर वेळी एकाच माणसाकडून."

त्रिशलाच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं होतं की ती खरं बोलते. तिला आणखी काही ऐकूच आलं नाही. भरतेशना मात्र आलं.

"दुसऱ्या माणसाकडनं म्हणजे?"

"ज्याच्या शरीरात हा विषाणू पन्नासेक वर्षं आहे, अशा कुणाकडून तरी. रक्ताचा रक्ताशी संबंध यायला लागतो, किंवा..." डॉक्टर थांबल्या. "घरातल्यांची तपासणी करू. काका, तुमची झालीय कधी?"

"माझी?" भरतेश हसले. "मॅडम, माझं रक्त वर्षातनं चारदा तपासलं जातंय. रक्तपेढीत. एवढी तपासणी तुमचीसुद्धा झाली नसंल. काही असतं तर त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं की."

हेच ते पहिल्या वेळीही म्हणाले होते, आणि त्या वेळचे डॉक्टर मान हलवून पुढं गेले होते. शतकवीराचं रक्त तपासून घ्या म्हणणार कोण? डॉक्टर मुजावर म्हणाल्या, तरीही द्या. भरतेशना ते लागलं. ते उठून गाडीत जाऊन बसले.

घरी आल्यावर दार लावून त्यांनी विचारलं, "कोण?"

त्रिशलाला आधी कळलंच नाही.

"यंत्र सांगतंय, एकच माणूस, दर वेळी तोच. मी विचारतोय, कोण?"

"अहो, काय बोलताय! नातवंडं झाली आपल्याला."

"उपवासात गोळ्या खाल्ल्यास ते मला आज डॉक्टरणीकडनं कळतंय. अख्ख्या गावाला फसवलंस, देवाला फसवलंस. मग मला फसवायला तुला कितीसा वेळ?"

ज्या खरेपणानं तिची समितीपुढं सुटका व्हायची होती, त्याच खरेपणानं घरात ती खोटी ठरली होती. पुण्याहून अभिनंदनचा, मुलाचा, फोन आला. "आई, मला काही म्हणायचं नाही, पण बाबांना एवढं तरी सांग..." तिनं फोन ठेवून दिला. तीन दिवस भरतेश शिवणाच्या क्लासपासून देवळातल्या पंडितापर्यंत एकेकाचं नाव घेत राहिले. आजारी माणसानं ऐकू नये असं सगळं तिनं ऐकलं.

चौथ्या दिवशी ते स्वतःच म्हणाले, "चल. देतो माझं रक्त. होऊन जाऊ दे सोक्षमोक्ष. माझं स्वच्छ निघालं की मग बघतो तुझ्याकडं."

*

नमुना यंत्रात गेला. डॉक्टर मुजावर पडद्याकडं बघत होत्या आणि बघता बघता त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी पडदा लगेच वळवला नाही. मग वळवला.

वेलीवर इकडं-तिकडं सुटे तुकडे होते. त्यांचं मूळ कुठं आहे ते यंत्राला आजवर सापडलं नव्हतं. आता ते तुकडे एकेक करून सरकत होते आणि एकाच खोडाला येऊन चिकटत होते. त्रिशलाच्या चारही फांद्या पहिल्यांदा चिकटल्या. मग दुसरे क्रमांक. सांगलीकडचे, निपाणीकडचे, जयसिंगपूरचे. यंत्र शांतपणे बेरीज दाखवत होतं आणि ती चाळिसाच्या पुढं गेली. कितीतरी क्रमांकांपुढं मयत असं लिहिलेलं होतं.

"काका, हे खोड म्हणजे तुम्ही," डॉक्टर म्हणाल्या. "विषाणू तुमच्यात लहानपणीच आला असावा. त्या काळी दवाखान्यात एकच सुई पाण्यात बुडवून सगळ्यांना टोचायचे. तुमचा काही दोष नाही त्यात. तुमच्या शरीरात तो निवांत राहिला, यकृताला फार धक्का न लावता. काही लोकांत राहतो तसा. पण तुम्ही रक्त द्यायला लागलात तेव्हा सीची तपासणी सक्तीची नव्हती."

"यंत्र बिघडलंय," भरतेश म्हणाले.

"काकूंना पहिल्या बाळंतपणात रक्त लागलं होतं ना? कुणी दिलं होतं?"

त्रिशलाला ती बाटली आठवत होती. शेजारच्या खाटेवर पडून भरतेश तिच्याकडं बघून हसले होते. त्या हसण्यावर तिनं अख्खा संसार केला होता.

"आणि पुढच्या वेळी कसं झालं ते बघू," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "दोघांनाही साखर आहे. घरी तपासता का?"

"तपासतो," त्रिशला म्हणाली. "एकच मशीन आहे. आधी हे बोट टोचतात, मग मी. सुई बोथट झाली की बदलायची."

त्या सुईचा खर्च वाचवल्याचंही भरतेशना कौतुक होतं. आता ते पडद्याकडं बघत नव्हते, खिशातला फोन काढत होते. "मी सुतारांना विचारतो. पेढीतले. तीस वर्षं त्यांनीच माझं रक्त काढलंय. ते सांगतील." त्यांनी फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून आवाज मोठा केला. दिनकर सुतार निवृत्त होऊन गावी गेले होते. आधी त्यांनी तब्येतपाणी विचारलं. मग भरतेशनी आपल्या रक्ताचं विचारलं.

"दादा, आता काय लपवायचं," सुतारांचा आवाज आला. "दोन हजार एकला तपासणी सुरू झाली, तेव्हाच तुमचं निघालं होतं. तेव्हापासनं तुमची पिशवी आम्ही बाजूला काढून जाळायचो. दर वेळी."

"आणि मला सांगितलं नाही?"

"तुम्हाला कोण सांगणार, दादा? तुम्ही वर्षाला हजार पिशव्या गोळा करून देत होता. साहेब म्हणाले, दादा दुखावले तर शिबिरं बंद. एक पिशवी फेकायला काय जातंय."

पहिल्या वर्षांतल्या बाटल्यांनी माणसं आजारी पडली होती आणि नंतरच्या सगळ्या भट्टीत गेल्या होत्या. शंभरांतली एकही स्वच्छ नव्हती. भरतेशनी फोन खिशात ठेवला आणि उभे राहिले, आणि उभं राहून कुठं जायचं ते न कळल्यासारखे पुन्हा बसले. त्रिशलाला त्यांची दया आली. स्वतःचाच राग यावा इतकी आली. तीन दिवस त्यांनी तिला काय काय म्हटलं होतं, त्यातल्या एका शब्दाचीही त्यांनी त्या दिवशी माफी मागितली नाही. पुढंही नाही.

*

तीन महिन्यांच्या गोळ्या घेऊन भरतेश बरे झाले. पहिल्याच फेरीत, ठणठणीत. त्रिशलाचं नाव समितीनं यादीत परत घातलं, पण खालच्या टोकाला. तेवढे दिवस तिच्याकडं नव्हते. तेव्हा डॉक्टर मुजावरांनी दुसरी वाट सांगितली. रक्तगट जुळणाऱ्या नातेवाइकाच्या यकृताचा तळहाताएवढा तुकडा घ्यायचा आणि साच्यावर वाढवायचा. त्याला यादी लागत नाही. अभिनंदनचं यकृत चरबीनं भरलेलं होतं. भरतेशचं उत्तम होतं.

त्या दिवसापासून भरतेशना पुन्हा पालवी फुटली. ते दाढी करायला लागले. शेजाऱ्यांना सांगायला लागले. "रक्त काय कुणीबी देतंय. मी यकृत द्यायलोय." स्थानिक वाहिनीचा माणूस येऊन कधी आलं तर चालेल ते विचारून गेला. वेलीवरचे क्रमांक गुप्त होते, त्यामुळं गावाला बाकीचं काही ठाऊक नव्हतं.

केंद्रात सोमवारी दाखल व्हायचं होतं. त्याआधीच्या भेटीत डॉक्टर मुजावर म्हणाल्या, "काका, एक राहिलंय. वेलीवर तेच लोक आहेत ज्यांची तपासणी झाली. ज्यांना रक्त मिळालं आणि आपल्याला आजार आहे हे अजून ठाऊकच नाही, ते वेलीवर नाहीत. त्या दवाखान्यांची कागदपत्रं महापुरात गेली. ती माणसं फक्त तुम्हाला माहीत. आज कळलं तर तीन महिन्यांच्या गोळ्यांत वाचतील."

"इतकी वर्षं झाली, मॅडम," भरतेश म्हणाले. "कुठलं आठवतंय आता."

त्रिशलानं त्यांच्याकडं बघितलं. जिन्याच्या पायऱ्या मोजाव्यात तशी ज्यांना ती नावं म्हणता येत होती, ते भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होते.

घरी आल्यावर ती म्हणाली, "उद्या चौगुल्यांच्याकडं जाऊन या. जयसिंगपूर काय लांब नाही. दीपालीला सांगा. मग पाटील मास्तरांच्या घरी. तुमच्या तोंडानं सांगितलं तर लोक ऐकतील."

"सोमवार होऊ दे. मग बघू."

"सोमवारनंतर तुम्ही जाणार नाही. मी ओळखते तुम्हाला."

ते चिडले, बडबडले, पण सकाळी उठून गेले खरे. दुपारी परत आले तेव्हा त्रिशला बाहेरच्या खोलीत पलंगावर टेकून बसली होती. त्यांच्या एका हातात नारळ होता आणि दुसऱ्या हातावर घडी केलेली शाल.

"सांगितलं?" तिनं विचारलं.

"सांगितलं की."

"काय म्हणाली दीपाली?"

"काय म्हणणार? वाईट वाटलं बिचारीला." त्यांनी नारळ टेबलावर ठेवला. "तिची आई अजून आहे. पाया पडली माझ्या."

त्रिशलानं त्या नारळाकडं बघितलं. तुमच्या मुलीला मी आजार दिला, असं सांगणाऱ्या माणसाच्या हातात कुणी नारळ देत नाही, हे कळायला काही यंत्र लागत नव्हतं. भरतेशना तिची ती नजर सोसेना. ते आपणहून बोलायला लागले.

"तिची तब्येत तशी बरी नाही म्हणं. पोट फुगतंय, संध्याकाळी पाय सुजतात. ॲसिडिटीच्या गोळ्या खातीय. पोरं लहान आहेत अजून. आता त्यात मी आणखी..." ते थांबले.

"सोळा वर्षं माझे पाय बघताय तुम्ही," त्रिशला म्हणाली. "ते कशाचे पाय आहेत ते तुम्हाला कळलं नाही?"

ते भिंतीला टेकून खाली बसले. "सांगायलाच गेलो होतो गं. शप्पथ. दारात गेलो तर म्हातारीनं मिठीच मारली. माझा फोटो आहे त्यांच्या घरात. काय सांगू मी? तूच सांग."

त्यांच्या आवाजात रडू होतं, आणि ते खोटं नव्हतं. त्रिशलानं उशीजवळचा फोन उचलला.

"काय करतीयस?"

"दीपालीला फोन."

"त्रिशला, ठेव तो." ते उठले. "अगं, आयुष्यभर एवढंच मिळवलंय मी. ते गेलं तर मला गावात तोंड दाखवायला जागा नाही. सोमवार होऊ दे. तुला बरं होऊ दे."

"आणि मी बरी झाले की? तुम्ही बायकोला यकृत देणारे होणार. वाहिनीवर येणार. मग कधी सांगणार?"

"तू फोन केलास तर मी सोमवारी केंद्रात येणार नाही." भरतेश स्वतःच्याच बोलण्यानं दचकले, पण मागं हटले नाहीत. "सही करणार नाही मी. आत्ताच सांगून ठेवतो."

ते खरं बोलत होते. एकदा चारचौघांत बोललेलं असो की घरात बोललेलं असो, ते मागं घेणं त्या माणसाच्या रक्तात नव्हतं, हे चाळीस वर्षांच्या संसारात तिला पुरेपूर कळलं होतं. सोमवार हातातून चालला होता आणि सोमवारनंतर फारसं काही उरलेलं नव्हतं. तिला जगायचं होतं. इतकं जगायचं होतं की त्यासाठी तिनं देवालाही फसवलं होतं. तिकडं ती पोरगी पाय उशीवर ठेवून ॲसिडिटीची गोळी गिळत असेल, आणि उद्या तीही कुठल्या तरी समितीपुढं बसून मी खरं बोलते म्हणून सांगत असेल.

तिनं नंबर लावला. भरतेश दारापर्यंत गेले आणि तिथंच उभे राहिले.

"हॅलो, दीपाली का? मी त्रिशला मगदूम, भरतेशदादांच्या घरनं बोलते."

"काकू! अहो, सकाळीच दादा येऊन गेले. किती बरं वाटलं म्हणून सांगू आम्हाला!"

"हो बाळ. ते ज्यासाठी आले होते ते त्यांनी सांगितलं नाही. जरा खाली बस, आणि नीट ऐक."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. इकडं दार वाजलं आणि जिन्यावरून भरतेशची पावलं उतरत गेली. त्रिशला ती थांबतात का ते ऐकत राहिली. थांबली नाहीत.

"सांगा की, काकू," दीपाली म्हणाली.

आणि त्रिशलानं तिला सांगितलं.